कोकम गोझ: मे ते ऑगस्टची नोंद

यंदाच्या उन्हाळ्यासाठी ठरवलं होतं ते एवढंच: ऑगस्टच्या उकाड्यात दुसरा ग्लास मागावासा वाटेल अशी कोकमाची गोझ. दुसरा, हे महत्त्वाचं. पहिला ग्लास कुणीही कौतुकानं पितो. लालचुटुक रंग, "हे कुठलं फळ?" वगैरे. नंतर तोच माणूस गुपचूप पिल्सनरच्या, म्हणजे साध्या फिक्या बिअरच्या, नळाकडे वळतो. फळं घातलेल्या आंबट बिअरचं हे कायमचं दुखणं आहे.

ज्यांना गोझ नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: जर्मनीतल्या गोस्लार गावची, पुढे लाइपझिगला रुजलेली गव्हाची बिअर. साधारण निम्मा गहू, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) नावापुरते, लॅक्टिक आंबटपणा, वर मीठ आणि धने. ही यादी वाचून कोकणातल्या माणसाला कोकम आठवलं नाही तरच नवल.

मे

मे महिन्याचा पहिला शनिवार म्हणजे बिग ब्रू. अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशनच्या हाकेसरशी ठिकठिकाणचे क्लब त्या दिवशी एकत्र जमून बिअर करतात. आम्ही विस्कॉन्सिनमधले मॅडिसनवालेही कुणाच्या तरी गॅरेजसमोर बर्नर मांडतो. मी कोकम बाजूला ठेवून फक्त साधी गोझ केली. पाया कसा लागतो ते कळल्याशिवाय त्यावर काही चढवायचं नव्हतं.

इथल्या पाण्याबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण नव्यानं मॅडिसनला आलेले बरेच जण त्यातच अडकतात. शहराचं पाणी खोल विहिरींतून येतं आणि प्रचंड जड आहे. बायकार्बोनेट तीनशे पीपीएमच्या वर. काळ्या स्टाउटला चालून जातं. फिक्या गव्हाच्या बिअरला तेच पाणी वापरलं तर मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचा) पीएच खाली उतरायला तयार होत नाही आणि धान्याच्या सालींचा तुरटपणा उतरतो. मी तीन भाग आरओ आणि एक भाग नळाचं असं मिसळतो, मॅशमध्ये थोडं लॅक्टिक अ‍ॅसिड घालून पीएच 5.3 च्या आसपास आणतो. आरओ पाणी सुपरमार्केटच्या मशीनवर भरून मिळतं. त्यासाठी घरी महागडं यंत्र बसवू नका.

आंबवण्याची पद्धत केटल सावरची. वर्ट (मॅशमधून गाळलेलं गोड पाणी) दहा मिनिटं उकळून निर्जंतुक करायचा, 37 अंशांपर्यंत थंड करायचा, लॅक्टिक अ‍ॅसिडनं पीएच 4.5 करायचा आणि मग लॅक्टोबॅसिलस प्लँटारम (लॅक्टो), हा आंबवणारा जंतू, सोडायचा. आधीच पीएच उतरवल्यामुळे नको ते जंतू डोकं वर काढत नाहीत. वर कार्बन डायऑक्साइड सोडून झाकण घट्ट लावायचं, नाहीतर उलटीसारखा वास येण्याची शक्यता असते. हॉप्सचा एक दाणाही या टप्प्यावर नको, लॅक्टोला ते सोसत नाहीत.

"घरचं विरजण का नाही लावत?" हा प्रश्न मला प्रत्येक मराठी मित्र विचारतो. विरजणातले जंतू दुधातल्या साखरेवर पोसलेले असतात. वर्टमधली मुख्य साखर माल्टोज, तिच्यावर त्यांचं फारसं चालत नाही. शिवाय विरजणात नेमकं कोण कोण नांदतंय हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

जून

आता कोकम. इथे वेळ घालवल्याचं सार्थक झालं असं वाटतं.

बाजारात कोकम तीन रूपांत मिळतं. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, आणि बाटलीवर पोटॅशियम सॉर्बेट किंवा बेंझोएट लिहिलेलं असेल तर फर्मेंटेशनच अडखळतं. आगळ म्हणजे रस, पण टिकावा म्हणून त्यात भरपूर मीठ. गोझमध्ये मीठ मोजून घालायचं असतं, त्यामुळे आगळ वापरलं की हिशेबच आपल्या हातात राहत नाही. उरल्या सुकवलेल्या साली.

मंडळाच्या पिकनिकला मालवणच्या एक काकू भेटल्या. त्या बिअरला शिवत नाहीत, म्हणून त्यांना मी नुसतं साली भिजवलेलं पाणी चाखायला दिलं. एक घोट घेऊन म्हणाल्या, "अरे बाबा, हे मीठ लावलेलं आमसूल. आमटीत घाल हे. सरबताला बिनमिठाच्या साली घ्यायच्या असतात." मग त्यांनी आमसूल कसं करतात ते सविस्तर सांगितलं: बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या कोकमाच्याच रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा उन्हात. पाकिटावर हे काहीच लिहिलेलं नसतं. तेव्हा पाकीट फोडलं की आधी एक साल जिभेवर ठेवायची. खारट लागली तर स्वयंपाकघरात, नुसती आंबट-तुरट लागली तर केगमध्ये, म्हणजे बिअरच्या पिंपात. शिकागोला देशी दुकानांच्या डिव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवर मला बिनमिठाच्या साली मिळाल्या. 2016 साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं असलं, तरी माझ्या पाकिटावर गावाचं नाव नव्हतं.

कोकमाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सीसिट्रिक अ‍ॅसिडचा. यीस्ट त्याला हात लावत नाही, म्हणजे जेवढं घालाल तेवढं ग्लासात उतरतं. आणि गोझ आधीच लॅक्टिकनं आंबट झालेली. दोन आंबट एकावर एक. गंमत अशी की पीएच मीटरला हे नीट दिसत नाही. मीटर 3.3 दाखवतो, कोकम घातल्यावरही 3.2 च्या आसपासच राहतो, पण जीभ मात्र दातांना चिकटते. आंबट किती लागणार हे पीएचपेक्षा एकूण आम्लाच्या प्रमाणावर जास्त अवलंबून असतं. वाइनवाले ते टायट्रेशन करून मोजतात. आपल्यातले बहुतेक जण मीटरवर विसंबतात, मी त्यातलाच.

म्हणून क्लबच्या जूनच्या बैठकीला साधी गोझ घेऊन गेलो आणि तिच्यात साली वेगवेगळ्या मापानं भिजवून ग्लास मांडले: लिटरला 4, 8 आणि 12 ग्रॅम. आमच्यात बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेचे परीक्षक आहेत, ते असल्या मांडणीवर तुटून पडतात. 12 ग्रॅमचा ग्लास रंगाला सगळ्यात देखणा, आणि सगळ्यात जास्त बिअर त्याच ग्लासात उरली. 8 ला दोघा-तिघांनी चांगलं म्हटलं. 4 चा ग्लास कोरडा झाला. एक ज्येष्ठ सभासद, जे सहसा दोन शब्दांच्या वर बोलत नाहीत, म्हणाले, "लॅक्टो लवकर थांबव, फळाला जागा ठेव." या उन्हाळ्यातला सगळ्यात कामाचा सल्ला हाच. लॅक्टिक आंबटपणा 3.2 पर्यंत खेचायचा आणि वर कोकम लादायचं, त्यापेक्षा 3.5 ला उकळी देऊन लॅक्टो मारायचा आणि उरलेलं काम कोकमाला करू द्यायचं.

बीजेसीपीच्या गुणपत्रिकेत 50 पैकी 20 गुण चवीला, 12 वासाला आणि दिसण्याला फक्त 3. आमचा सगळा जीव रंगात अडकलेला असतो, म्हणून हे आकडे अधूनमधून वाचावेत.

सोलकढीची बिअर कर, असं सुचवणाऱ्यांसाठी: नारळाच्या दुधातली चरबी फेस मारते. पिण्यापुरती सोलकढी वेगळी करा.

जुलै

जुलैत तळघरसुद्धा तापतं, म्हणून यीस्ट बदललं. व्हॉस क्वाइक हे नॉर्वेतलं शेतघरांत पिढ्यान् पिढ्या जपलेलं यीस्ट 35 ते 40 अंशांत खुशाल काम करतं. त्या तापमानाला बिअरचं दुसरं यीस्ट वापरलं तर दारूचा उग्र दर्प येईल. क्वाइक थोडा संत्र्याच्या सालीसारखा वास देतं, धन्याशी तो जमतो. आंबट वर्टमध्ये क्वाइक कधी कधी कुरकुरतं, म्हणून यीस्टचं खाद्य थोडं सढळ हातानं घातलं.

धने इंडियन ग्रोसरीतलेच घ्या. आपले लांबट धने लिंबासारखा वास देतात, इथल्या सुपरमार्केटमधल्या गोल दाण्यांना मला साबणाची झाक जाणवते. ऐन वेळी खलबत्त्यात जाडसर ठेचायचे, पूड नको.

कोकम फर्मेंटेशन संपल्यावर, केगमध्ये. साली पटकन धुवून, 80 अंशांच्या थोड्या पाण्यात बुडवून, जाळीच्या पिशवीतून दोन दिवस. जास्त ठेवल्या तर तुरटपणा पुढे येतो. रंग अँथोसायनिनचा, आम्लात लाल राहतो, त्यामुळे आंबट बिअर त्याला मानवते. पण ऑक्सिजन लागला की विटकरी होत जातो. बाटल्या भरणाऱ्यांनी काचेचा रंग गडद घ्यावा आणि लवकर संपवावं.

19 लिटरचं माप: पिल्सनर माल्ट 1.8 किलो, गव्हाचं माल्ट 2.1 किलो, मॅश 66 अंश, तासभर. हॉप्स 8 आयबीयूपुरते (हे कडवटपणाचं माप). शेवटच्या पाच मिनिटांत धने 22 ग्रॅम, मीठ 12 ग्रॅम, आयोडीन नसलेलं. कोकम 80 ग्रॅम. घनता आंबण्याआधी (ओजी) 1.042, नंतर (एफजी) 1.009, म्हणजे साधारण 4.3 टक्के अल्कोहोल. कार्बोनेशन चढं ठेवा, हिला बुडबुडे हवेतच.

पुण्या-मुंबईच्या मित्रांना एक सांगतो. अमेरिकेत 1978 च्या कायद्यानं घरगुती बिअरला केंद्राची मुभा मिळाली: एका प्रौढामागे वर्षाला 100 गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200, विकायची मात्र नाही. तरी अलाबामा आणि मिसिसिपीनं परवानगी द्यायला 2013 उजाडावं लागलं, आणि आमच्या विस्कॉन्सिनमध्येही घरची बिअर क्लबात किंवा स्पर्धेला न्यायची सोय 2012 च्या दुरुस्तीनं स्पष्ट झाली. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही. डूलालीनं 2009 मध्ये पुण्यात मायक्रोब्रुअरी काढली ती परवाना घेऊनच. वरची पाककृती तिकडे नुसती वाचायला.

ऑगस्ट

ऑगस्टचा दुसरा शनिवार, ग्रेट टेस्ट ऑफ द मिडवेस्ट. मोनोना तळ्याकाठचं ओलिन पार्क, पलीकडच्या काठावर कॅपिटॉलचा, म्हणजे राज्याच्या विधान भवनाचा, घुमट. 1987 पासून हा महोत्सव भरतो आणि तो भरवते कुठली कंपनी नाही, तर आमची मॅडिसन होमब्रुअर्स अँड टेस्टर्स गिल्ड, म्हणजे घरी बिअर करणाऱ्यांचा क्लब. बोलावणं फक्त मिडवेस्टमधल्या ब्रुअऱ्यांना. काम सगळं स्वयंसेवकांचं. घरगुती बिअर तिथे ओतली जात नाही, आपण फक्त राबायचं. तरी तिकिटासाठी मे महिन्यात रांगा लावणाऱ्यांपेक्षा राबणारे सुखी, असं माझं ठाम मत आहे.

राबणं म्हणजे मुख्यतः बर्फ. तंबूंतल्या बहुतेक ब्रुअऱ्या जॉकी बॉक्स लावतात: कूलरच्या पेटीत स्टीलची लांब गुंडाळी, भोवती बर्फ, तिच्यातून बिअर वाहत नळापर्यंत येते. बर्फ वितळून मधे पोकळी झाली की गुंडाळीचा तेवढा भाग उघडा पडतो, बिअर तापते, वायू सुटतो आणि नळातून निव्वळ फेस. ओतणारा दाब कमी करून बघतो, त्यानं फेस आणखी वाढतो. खरा उपाय दोनच: बर्फ भरत राहायचा आणि गुंडाळी बुडेल इतकं पाणी त्यात राहू द्यायचं. नळ धरून उभ्या राहिलेल्या नामांकित ब्रुअरलाही हातात फावडं घेऊन आलेला माणूस त्या वेळी देवासारखा दिसतो.

बाकी दृश्य ओळखीचं. गळ्यात प्रेट्झेलच्या माळा. कुणाच्या हातून ग्लास पडला की हजारो लोकांचा एकच आरोळा. न्यू ग्लॅरस ब्रुअरीसमोर दरवर्षीप्रमाणे रांग, ज्यांची बिअर विस्कॉन्सिनबाहेर विकतच नाहीत, त्यामुळे इलिनॉयवाले तिथेच तळ ठोकतात. रिअल एलच्या तंबूत हातपंपावर ओतलेली कमी फेसाची, फारशी गार नसलेली बिअर. तिथे गर्दी कमी आणि गप्पा जास्त.

मी मात्र रांगा बघत होतो. दुपारी एकला लांबलचक रांगा लागतात त्या बर्बनच्या पिंपात मुरवलेल्या स्टाउटना आणि दुहेरी आयपीएंना. चारच्या सुमारास ऊन डोक्यावरून सरकलं तरी उकाडा हटत नाही, तेव्हा तेच लोक पिल्सनर, केल्श, गोझ शोधत फिरतात. फळवाल्या आंबट बिअरच्या नळांवरही दोन तऱ्हा दिसल्या. जॅमसारख्या दाट बिअरपाशी माणसं फोटो काढून पुढे सरकत. पातळ, किंचित खारट, फळ जेमतेम जाणवणाऱ्या गोझपाशी तेच चेहरे पुन्हा येत. एका ब्रुअरला विचारलं तर तो म्हणाला, मीठ कळता कामा नये, फक्त तहान लागायला हवी. मी लगेच मनात 12 ग्रॅमचे 10 केले.

महोत्सवानंतरच्या रविवारी क्लबातली काही मंडळी अंगणात जमली, तेव्हा केग उघडला. रंग डाळिंबी, फेस फिका गुलाबी आणि फार न टिकणारा. आंबटपणा आधी लिंबाकडे जातो आणि मग शेवटी ती कोकमाची तुरट-फळाळ चव जिभेच्या कडांना येते. धने थोडे पुढे आहेत, पुढच्या वेळी 18 ग्रॅम. परीक्षकांनी 50 पैकी 36 दिले, शेरा: "मीठ किंचित कमी कर." केग त्याच संध्याकाळी रिकामा झाला, दुसरा ग्लास मागणारे होते आणि तिसरा मागणारेही.

सप्टेंबरात त्याच पायावर मीठ 10, धने 18 करून पुन्हा लावतो आहे, म्हणजे मार्चच्या स्पर्धांआधी एक फेरी हातात राहील. सालींचा साठा संपत आलाय. शिकागोच्या अलीकडे, मिलवॉकी किंवा मॅडिसनमध्येच, बिनमिठाचं कोकम खात्रीनं कुणाकडे मिळतं का, ते कळवा. डिव्हॉनची प्रत्येक चक्कर मिठाईच्या दुकानामुळे फार महाग पडते.