'राउंड'मधला गळालेला त

इंग्रजीत राउंड, जर्मनमध्ये रुंट, डचमध्ये रोंट. तिन्ही शेजारी ठेवले की हा अस्सल जर्मॅनिक कुळातला शब्द असणार, असंच वाटतं. पण तो या घरचा नाहीच. फ्रेंचकडून उसना आलाय, आणि त्याचा पुरावा शब्दाच्या पोटातच आहे: मधला 'त' गळालेला आहे.

मूळ लॅटिन शब्द रोतुंदुस. रोता म्हणजे चाक, म्हणून रोतुंदुस म्हणजे चाकासारखा. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या 'त'चं पुढे काय होतं, ते या चाकावरच बघा. इटालियनमध्ये रुओता, 'त' शाबूत. स्पॅनिशमध्ये रुएदा, 'त'चा 'द'. फ्रेंचमध्ये नुसतं रू, 'त' साफ गेला. गोल या शब्दाचंही तेच झालं: इटालियन रोतोंदो, स्पॅनिश आणि पोर्तुगीज रेदोंदो, फ्रेंच रों. (स्पॅनिशमधला 'रे' चुकून आलेला नाही. लागोपाठचे दोन 'ओ' बोली लॅटिनमध्ये नकोसे झाले आणि पहिल्याचा 'ए' झाला.) इटालियनमध्ये तर पहिलं अक्षरच गाळून तोंदो हा सुटसुटीत शब्दही झाला, गोल चौकटीतल्या चित्राला तोच म्हणतात.

'त' हरवलेलं हे जुनं फ्रेंच रूप १३००च्या आसपास इंग्रजीत आलं. तेव्हा उच्चार 'रूंद'च्या जवळचा होता; पुढे इंग्रजीतल्या दीर्घ 'ऊ'चा 'आउ' झाला, तसा याचाही झाला. जर्मनमध्येही मध्ययुगात हेच रूप शिरलं. दोन्हीकडे गोलासाठी घरचा शब्द होता, जुन्या इंग्रजीत सिनेवेआल्ट आणि जर्मनमध्ये सिनेवेल. पाहुण्याने दोघांनाही घराबाहेर काढलं.

इथे एक घोटाळा हमखास होतो. जर्मनमध्ये चाकाला राट म्हणतात. तो मात्र उसना नाही, वारशाने आलेला आहे. लॅटिन रोता, लिथुआनियन रातस आणि आपला रथ हे त्याचे सख्खे भाऊबंद. म्हणजे जर्मनमधलं चाक घरचं आणि गोलपणा बाहेरचा!

इंग्रजी शब्दात 'त' (म्हणजे 'ट') शाबूत दिसला, तर तो शब्द बहुधा पोथीतून थेट लॅटिनहून किंवा इटालियनमार्गे आलेला असतो: रोटेशन, रोटंड (गोलमटोल), रोटुंडा (गोल, घुमटाची इमारत). रोममधल्या पँथिऑन या प्राचीन गोल देवळाला लोक 'ला रोतोंदा' म्हणत आले. आतल्या घुमटाचा व्यास सुमारे ४३.३ मीटर आणि जमिनीपासूनची उंचीही तेवढीच, तेव्हा नाव शोभतंच.

नुसत्या आवाजावर मात्र विसंबू नये. 'सराउंड' हा मुळात 'राउंड'चा कुणीच नाही. तो लॅटिन 'उंदा' म्हणजे लाट या शब्दावरून आला. मूळ अर्थ पाणी काठावरून वाहणं. 'राउंड'शी साम्य असल्यामुळे पुढे त्याचा अर्थ 'वेढणं' असा झाला. उलट 'कंट्रोल' हा चाकाच्या नात्यातला आहे: रोतुलुस म्हणजे गुंडाळी, आणि हिशेब ताडून पाहायला ठेवलेली दुसरी गुंडाळी म्हणजे कोंत्रारोतुलुस.

गंमत म्हणजे लॅटिन, जर्मन, मराठीच्या या कुळाशी काडीचाही संबंध नसलेल्या भाषाही चाकावरूनच गोलापर्यंत पोचल्या. फिनिशमध्ये प्यूरा म्हणजे चाक, प्यूरेआ म्हणजे गोल. हंगेरियनमध्ये केरेक म्हणजे गोल, आणि दुसरा 'ए' लांबवला की चाक.