दोन लिस्टची जोडीने बेरीज करायचीय? झिप वापरा, आणि स्ट्रिक्टसकट वापरा

पायथॉन नवीन शिकणारे बरेच जण दोन लिस्टची बेरीज करायला सरळ अधिकचं चिन्ह टाकतात. समजा वर्गाचे लेखीचे मार्क आहेत [६२, ५५, ७१] आणि तोंडीचे [१८, १५, १९], हवंय [८०, ७०, ९०], पण हातात येते सहा आकड्यांची एक लांब लिस्ट, कारण लिस्टच्या बाबतीत अधिक म्हणजे एकीच्या शेपटाला दुसरी जोडणं. मग लोक रेंज आणि लेन घेऊन इंडेक्सवाला लूप लिहितात. चालतो तो, पण वाचणाऱ्याचं अर्धं लक्ष त्या कंसातल्या आयकडे, म्हणजे इंडेक्सकडेच जातं.

त्यापेक्षा पायथॉनचं झिप हे फंक्शन घ्या ना. पायथॉन २.० पासून, म्हणजे २००० सालापासून आहे ते. कंसात लेखी आणि तोंडी द्यायचं, ते एकेक जोडी काढून देतं, आणि लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमध्ये, म्हणजे चौकटी कंसात एका ओळीत लिस्ट बनवायच्या पद्धतीत, "एल + टी फॉर एल, टी इन झिप(लेखी, तोंडी)" एवढं लिहिलं की झालं काम. मॅप आणि ऑपरेटर मॉड्यूलमधलं ॲड वापरूनही होतं, पण मला तरी कॉम्प्रिहेन्शनच जास्त वाचनीय वाटतं. आकडे लाखांत असतील तर नमपाय ही लायब्ररी बघा, तिथे ॲरेला अधिक लावलं की खरंच जोडीजोडीने बेरीज होते आणि वेगही भरपूर मिळतो.

एक लक्षात ठेवा, पायथॉन ३ मध्ये झिप लिस्ट देत नाही, इटरेटर देतं, एकदा फिरवून झाला की संपला, दुसऱ्या लूपमध्ये काहीच मिळणार नाही.

पण खरा धोका लांबीचा. एक लिस्ट छोटी असेल तर झिप तिथेच गुपचूप थांबतं, एरर नाही की वॉर्निंग नाही, शेवटच्या मुलाचा निकालच गायब! म्हणून ३.१० पासून आलेलं स्ट्रिक्ट=ट्रू मी कायम लावते, लांबी जुळली नाही की व्हॅल्यूएरर येतो. इटरटूल्समधलं झिप_लाँगेस्ट रिकाम्या जागी शून्य भरू शकतं, पण मार्कांना ते अजिबात लावू नका, गैरहजर मुलगा आणि शून्य मिळालेला मुलगा एकच दिसायला लागतात.

आणि मधल्याच कोणाची तरी नोंद राहिली आणि शेवटी एक जास्तीची पडली तर लांबी जुळते, स्ट्रिक्टही काही बोलत नाही, आणि एकाचे मार्क दुसऱ्याच्या नावावर जातात. अशा वेळी दोन लिस्ट ठेवूच नका, रोल नंबरला 'की' (key) करून डिक्शनरी बनवा आणि रोल नंबरवरूनच बेरीज करा.