कापड ओळखायला शिकताना

गेल्या काही वर्षांत माझे रोजच्या वापरातले कपडे मी हळूहळू पॉलिस्टर आणि नायलॉनवरून सूत, रेशीम आणि लोकर यांच्याकडे वळवले आहेत. या बदलात सर्वांत अवघड काय होते असे कोणी विचारले, तर वाढलेला खर्च किंवा रोजची इस्त्री ही उत्तरे मी देणार नाही. अवघड होते ते कापड ओळखणे. आमच्या आधीच्या पिढीतल्या बायका दुकानात ठाण उलगडले की पदर दोन बोटांत चोळून सूत किती बारीक आहे, खळ किती आहे आणि पहिल्या धुण्यात कापड किती आटेल हे सांगत असत. मांजरपाट, पॉपलिन, वायल, कॅम्ब्रिक, रुबिया यांतला फरक त्यांना हाताने कळत असे. हे ज्ञान माझ्यापर्यंत आले नव्हते, आणि ते मिळवल्याशिवाय नुसत्या निश्चयाने कपाट बदलत नाही, असा माझा अनुभव आहे.

मी नागपूरची. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि अशा दिवसांत अंगावर काय आहे हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. मानेवर, पाठीवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला येणारे घामोळे मी कित्येक वर्षे उन्हाळ्याचाच भाग मानत आले होते. कपड्यांचा त्याच्याशी काही संबंध असेल असे वाटले नव्हते. पुढे वस्त्रशास्त्राची पुस्तके वाचताना काही आकडे समोर आले आणि बरेच उलगडले. ६५ टक्के आर्द्रतेच्या प्रमाणित हवेत सुताने त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून ठेवलेले असते, रेशमाने सुमारे ११ टक्के आणि लोकरीने सुमारे १६ टक्के. पॉलिस्टरच्या बाबतीत हाच आकडा ०.४ टक्के आहे. म्हणजे पॉलिस्टरचा तंतू स्वतः जवळजवळ पाणी पीतच नाही; घाम त्वचेवर तरी साचतो किंवा तंतूंच्या मधल्या फटींतून सरकतो. या फटींचा हिशेब करून विणलेले खेळाचे कपडे धावताना लवकर सुकतात, आणि तेथे घामाने जड होणाऱ्या सुती बनियनपेक्षा ते उजवे ठरतात, हे मान्य करायला हवे. मात्र घट्ट विणीचा, अस्तर लावलेला पॉलिस्टरचा ड्रेस घालून दुपारभर कार्यालयात बसणे ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय हा तंतू पाण्याला दूर ठेवतो तसा तेलाला ठेवत नाही. त्वचेचा तेलकटपणा त्याला चिकटून राहतो, आणि धुतलेल्या कपड्यालाही अंगात घालून थोडा वेळ झाला की जुना वास पुन्हा येऊ लागतो.

कृत्रिम कापडाला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. पॉलिस्टरच्या तंतूचे पेटंट १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी घेतले, आणि पुढे टेरिलीन व टेरिकॉट ही नावे आपल्याकडे घरोघरी पोहोचली. ज्या घरात मुलाला शाळेचा एकच गणवेश असे, त्या घरात रात्री धुऊन सकाळी कोरडा मिळणारा, इस्त्रीवाचून चालणारा आणि धाकट्या भावालाही पुरणारा टेरिकॉटचा सदरा हा मोठा आधार होता. तो आधार खरा होता, आणि आजही अनेकांसाठी तो खरा आहे. माझी तक्रार एवढीच आहे की निवड करण्याची ऐपत असलेल्या माझ्यासारख्यांच्या घरातही अंतर्वस्त्रांपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळे पॉलिस्टर होऊन गेले, आणि ते आम्हाला कळलेसुद्धा नाही.

न कळण्याला बाजाराची भाषा बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. 'कॉटन फील', 'कॉटन ब्लेंड', 'आर्ट सिल्क', 'सेमी पैठणी' या शब्दांत सूत आणि रेशीम यांची नावे असतात, माल मात्र असेलच असे नाही. 'आर्ट सिल्क'मधल्या 'आर्ट'चा कलेशी संबंध नाही. ते कृत्रिम रेशीम असते, पूर्वी बहुधा रेयॉन आणि आता पुष्कळदा पॉलिस्टर. सध्या मोठ्या हौसेने विकत घेतल्या जाणाऱ्या खणाच्या साड्यांतही पॉलिस्टरच्या साड्या भरपूर आहेत. खादी भांडारातसुद्धा डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण तेथे सुती खादीशेजारीच पॉलिवस्त्रही असते आणि त्यात पॉलिस्टर मिसळलेले असते. रेयॉन, व्हिस्कोस आणि मोडल यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांचा कच्चा माल लाकडाचा लगदा असतो, पण तो रसायनांत विरघळवून त्याचे तंतू काढलेले असतात. अंगाला ते गार लागतात. मात्र सूत ओले झाल्यावर अधिक बळकट होते, तर व्हिस्कोस ओले असताना दुबळे पडते, म्हणून ते पिळताना आणि आपटताना जपावे लागते.

खात्री करायची असेल तर जाळून पाहण्यासारखी दुसरी घरगुती रीत नाही. शिवणीच्या आतल्या बाजूने दोन-चार धागे ओढून घ्यावेत, चिमट्यात धरावेत आणि स्टीलच्या ताटलीवर ज्योतीजवळ न्यावेत. सूत चटकन पेट घेते, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो व मागे उरलेला काळा गोळा बोटांनी चुरडता येतो. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसते, वितळते आणि काचेच्या मण्यासारखा कडक काळा कण मागे ठेवते. मिश्रण असेल तर कागदासारखा वास येऊनही शेवटी कडक खडा हाताला लागतो. व्हिस्कोस मात्र सुतासारखेच जळते, त्यामुळे तेथे ही परीक्षा उपयोगी पडत नाही. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळून पाहावेत, हे मला एका अनुभवी विणकराने सांगितले, कारण ताणा एका जातीचा आणि बाणा दुसऱ्या जातीचा असलेली कापडे पुष्कळ असतात.

बदलाचा क्रम मी त्वचेच्या जवळून सुरू केला. आधी अंतर्वस्त्रे आणि परकर, मग रात्रीचे कपडे, मग पलंगपोस आणि अभ्रे, आणि त्यानंतर बाहेर घालायचे कुर्ते व साड्या. चांगल्या अवस्थेतले पॉलिस्टरचे कपडे मी टाकून दिले नाहीत आणि कोणी तसे करू नये असे मला मनापासून वाटते. कचऱ्यात गेलेले पॉलिस्टर कुजत नाही, तेव्हा तयार झालेला कपडा शेवटपर्यंत वापरणे हेच त्यातल्या त्यात योग्य. प्रत्येक धुण्यात त्यातून सूक्ष्म तंतू सुटून सांडपाण्यात जातात, म्हणून हे कपडे मी कमी वेळा आणि गार पाण्यात धुते.

सुताला निष्पाप समजण्याचीही सोय नाही, निदान विदर्भात राहणाऱ्याला नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. आपल्याकडची बहुतेक कपाशी कोरडवाहू असते. पावसाने ताण दिला की खर्च अंगावर येतो आणि भाव पडला की तोही शेतकऱ्याच्याच अंगावर येतो. त्यामुळे पॉलिस्टरच्या जागी ढीगभर स्वस्त सुती कपडे आणणे हा बदल मला अर्धवट वाटतो. मी कपड्यांची संख्या कमी केली आणि जमेल तेव्हा वर्ध्याहून खादी आणू लागले. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन १९३८ साली गांधीजींच्या हस्ते झाले होते. तेथे नैसर्गिक रंगांत रंगवलेली खादी मिळते. तिची वीण एकसारखी नसते, सुरुवातीला ती किंचित खरखरीत लागते आणि धुण्यागणिक मऊ होत जाते.

निगा राखण्याचे काही नियम अंगवळणी पाडावे लागले. शिवायला टाकण्याआधी सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवते, म्हणजे जे आटायचे ते आधीच आटते. गडद रंग पहिल्या काही वेळा वेगळे धुते. पावसाळ्यात जाड सुती कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास धरतो. त्या महिन्यांत मी पातळ वायल आणि मलमल वापरते. रेनकोट अर्थातच कृत्रिम आहे आणि तो तसाच राहील. थंडीसाठी मात्र दख्खनी मेंढीच्या लोकरीची, धनगरांकडची घोंगडी घेतली आहे. विणण्यापूर्वी तिच्या लोकरीच्या धाग्याला चिंचोक्याची खळ देतात. नवी असताना ती टोचते, म्हणून मी खाली सुती चादर घेते.

पूर्ण सुती म्हणून घेतलेल्या कुर्त्यातही एक पॉलिस्टर उरतेच, ते शिवणीच्या दोऱ्याचे. आमच्या शिंपीकाकांना मी सुती दोऱ्याने शिवून देण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी रीळ लावून दाखवले. विजेवरच्या मशीनच्या वेगात तो दोरा पुन्हा पुन्हा तुटत होता. पायमशीनवर सावकाश शिवले तर जमते, पण त्याला वेळ लागतो आणि शिलाईही वाढते. आता परकर आणि झबली तेवढी ते पायमशीनवर सुती दोऱ्याने शिवून देतात, आणि कुर्त्यांसाठी पॉलिस्टरचा दोरा मी मान्य केला आहे.