सूल: ३८ वर्षे नांदलेला एक जिल्हा

पूर्व जर्मनीच्या सरकारने जुलै १९५२ मध्ये थुरिंगिया, सॅक्सनी आदी पाच राज्यांचा कारभार मोडीत काढून त्यांच्या जागी १४ जिल्हे आखले. त्यांपैकी सूल हा लोकसंख्येने सर्वांत लहान जिल्हा होता. परंतु देशाची फाळणी माणसांच्या घरापर्यंत कशी पोहोचते, हे समजून घ्यायचे असेल तर मी प्रथम त्याच्याकडेच वळतो.

या जिल्ह्याची पश्चिम आणि दक्षिण बाजू हेसे आणि बव्हेरिया या पश्चिम जर्मन राज्यांना लागून होती. सीमेलगतच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यात जायला परवाना लागे आणि अगदी कडेच्या ५०० मीटरमध्ये निर्बंध त्याहून कडक असत. जिल्हा स्थापन होण्याच्या आधीच, जून १९५२ मध्ये, सीमेजवळच्या 'अविश्वसनीय' ठरवलेल्या कुटुंबांना घरांतून उठवून देशाच्या आतल्या भागात हलवले जात होते. श्ट्रॉइफडॉर्फ या गावाने त्याला उघड विरोध केला आणि तो मोडून काढण्यात आला. बिलमुटहाउसेन हे गाव तर सीमेच्या फार जवळ होते, एवढाच त्याचा गुन्हा. तेथील उरलेली माणसे १९७८ मध्ये हलवून घरे जमीनदोस्त करण्यात आली. फक्त दफनभूमी तेवढी राहिली.

जिल्ह्याची खरी सूत्रे सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या जिल्हा सचिवाच्या हाती असत. १९६८ पासून १९८९ पर्यंत त्या पदावर असलेले हान्स आल्ब्रेख्ट राष्ट्रीय संरक्षण परिषदेचेही सदस्य होते आणि सीमा ओलांडून पळू पाहताना मारल्या गेलेल्या लोकांच्या प्रकरणात त्यांना १९९३ मध्ये शिक्षा झाली. ती व्हायलाच हवी होती, असे मला वाटते.

मात्र याच जिल्ह्याने सूल गावाचे नशीब पालटले, हेही नोंदवले पाहिजे. बंदुका बनवणाऱ्या कारागिरांचे हे डोंगरातले गाव जिल्ह्याचे ठाणे झाले, जिल्ह्याची कार्यालये आली, उंच इमारती उभ्या राहिल्या. जिमझोन कारखान्यातून निघणारी 'श्वाल्बे' ही छोटी दुचाकी देशभर धावू लागली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लोकवस्ती ५६ हजारांवर गेली होती.

३ ऑक्टोबर १९९० रोजी जर्मनी एक झाली आणि एर्फुर्ट, गेरा व सूल हे जिल्हे मुख्यतः मिळून थुरिंगिया राज्य पुन्हा उभे राहिले. राजधानीचा मान एर्फुर्टला गेला, तर सूलची वस्ती आज ४० हजारांच्याही खाली आहे. थुरिंगिया परत आणण्याचा निर्णय योग्यच होता; पण जिल्ह्याचे ठाणे म्हणून वाढवलेल्या शहराचे पुढे काय करायचे, याचा विचार तेव्हाच व्हायला हवा होता.