मल्टिकास्टची नोंदवही, भाग ५: नवव्या मिनिटाला मरणारी स्ट्रीम

मल्टिकास्ट म्हणजे एकच स्ट्रीम ती मागणाऱ्या अनेकांपर्यंत पोहोचवणे. मागच्या भागात टीटीएल (पाकीट किती राउटर ओलांडू शकते तो आकडा) १ वरून ८ केल्यावर व्हीएलएएन (आभासी वेगळे नेटवर्क) २० मधली स्ट्रीम व्हीएलएएन ३० मध्ये दिसू लागली आणि मी विजय जाहीर करून मोकळा झालो. ती घाई नडली. स्ट्रीम कधी सातव्या, कधी नवव्या मिनिटाला बंद पडे आणि एल-थ्री स्विचवरचा, म्हणजे राउटिंगही करणाऱ्या स्विचवरचा, व्हीएलएएन ३० चा इंटरफेस बंद-चालू केल्याशिवाय परत येत नसे.

पिम स्पार्स मोडमध्ये (मागणी असेल तिकडेच मल्टिकास्ट नेण्याची राउटरांची पद्धत) काही बिघडले की संशय प्रथम आरपीएफवर (पाकीट स्रोताच्या योग्य दिशेने आले का ही तपासणी) किंवा रॉंदेव्हू पॉइंटवर (स्रोत आणि रिसीव्हर जिथे जुळतात तो राउटर) जातो, त्यामुळे दोन रात्री एफआरआर हे राउटिंगचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या लिनक्स यंत्रामागे गेल्या. तिथे सर्व ठीक होते. तिसऱ्या रात्री एल-थ्री स्विचवर 'शो आयपी आयजीएमपी ग्रुप्स' ही कमांड सतत पाहत बसलो (आयजीएमपी म्हणजे यंत्रांनी राउटरला कोणता मल्टिकास्ट ग्रुप हवा ते सांगण्याचा प्रोटोकॉल), तेव्हा स्ट्रीमच्या ग्रुपचा पत्ता २३९.२०.३०.१ याच्यासमोरचा उरलेला काळ ४ मिनिटे २० सेकंदांवरून उतरत थेट शून्यावर गेला. रिसीव्हर मात्र दर क्वेरीला ('कोणाला कोणता ग्रुप हवा?' या विचारणेला) इमानाने रिपोर्ट देत असल्याचे वायरशार्क या पाकिटे टिपणाऱ्या साधनात स्पष्ट दिसत होते. म्हणजे रिपोर्ट निघत होते, पण एल-थ्री स्विचपर्यंत पोहोचत नव्हते.

दोषी निघाला मधला स्वस्त अ‍ॅक्सेस स्विच. त्यावर स्नूपिंगबरोबर (रिपोर्ट ऐकून स्ट्रीम फक्त हव्या त्या पोर्टवर सोडणे) क्वेरियरही (क्वेरी पाठवणारा) मीच चालू ठेवला होता. त्याचा पत्ता १९२.१६८.३०.२, तर एल-थ्री स्विचचा १९२.१६८.३०.२५४. आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत क्वेरियर कोण हे ठरवणारी निवडणूक लहान पत्ता जिंकतो, त्यामुळे एल-थ्री स्विच हरून क्वेरी पाठवायचे थांबवत असे. अ‍ॅक्सेस स्विच राउटरचा पोर्ट केवळ येणाऱ्या क्वेरींवरून ओळखतो, पिमच्या हॅलोकडे (राउटर अधूनमधून पाठवतो त्या ओळखीच्या संदेशाकडे) ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या लेखी तो पोर्ट कालबाह्य झाला की रिपोर्ट वर जाणे बंद होई आणि शेवटच्या रिपोर्टनंतर २६० सेकंदांनी ग्रुप गळून पडे. दोन टायमर एकामागोमाग एक संपत असल्यामुळे मिनिटांचा आकडा दर वेळी वेगळा येत होता, हे कोडे सुटले तेव्हाचा आनंद मी चहा करून साजरा केला.

अ‍ॅक्सेस स्विचवरचा क्वेरियर बंद केला आणि स्ट्रीम रात्रभर अखंड चालली. व्यवस्थापनाच्या पानात राउटर पोर्ट हाताने नेमण्याची सोयही न देणाऱ्या स्विचला 'मॅनेज्ड' म्हणणे मला धाडसाचे वाटते. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला जुना एल-थ्री स्विच पंख्याने कान किटवत असला, तरी त्याच्या कमांड काय चालले आहे ते नीट सांगतात.

इथेच नोंद संपवणार होतो, पण लिहिताना लक्षात आले की एल-थ्री स्विच रीबूट झाला तर व्हीएलएएन ३० मध्ये क्वेरियरच उरणार नाही आणि आतल्या आतल्या स्ट्रीमही थोड्या वेळाने बंद पडतील. राखीव क्वेरियर ठेवायचा तर एल-थ्री स्विचचा पत्ता लहान हवा, आणि २५४ च्या वर अ‍ॅक्सेस स्विचला देण्याजोगा पत्ता या सबनेटमध्ये नाही. तेव्हा गेटवेच १९२.१६८.३०.१ वर हलवून डीएचसीपी (यंत्रांना पत्ते आणि गेटवे आपोआप कळवणारी सेवा) बदलावे लागेल. त्यासाठी या आठवड्यात ठरवलेला एसएसएमचा (ठरावीक स्रोताचीच स्ट्रीम मागणाऱ्या मल्टिकास्टचा) प्रयोग पुढे ढकलतो. तसाही त्याला आयजीएमपीची तिसरी आवृत्ती लागते आणि या अ‍ॅक्सेस स्विचचे स्नूपिंग दुसरीपुढे जात नाही.