कडक भाकरी सादळते तिथून पुढे

सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी डब्यात आठवडेच्या आठवडे कुरकुरीत राहते. तीच भाकरी जुलैत आंबोलीला उघडी ठेवली, तर सकाळी रुमालासारखी दुमडता येते. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथे सात हजारांच्या घरात. भाकरी सादळली की समजावं, आता जनावरं-पाखरं बघायला माळावरची नजर चालायची नाही.

माळाची नजर म्हणजे लांबची नजर. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात काळवीट अर्ध्या किलोमीटरवरून दिसतं. गवताचा सगळा पसारा आडवा, त्यात काही उभं दिसलं, एखादी मान, शिंगांची जोडी, की दुर्बीण डोळ्यांना. आंबोलीच्या सदाहरित जंगलात याच्या नेमकं उलट. खोडं उभी, वेली उभ्या, पावसाच्या धारासुद्धा उभ्या. तिथे आडवं शोधायचं: फांदीवर पसरलेलं शेकरू, झुडपामागची भेकराची पाठ. वारा नसताना एकच पान हललं तर त्या पानावर थांबायचं. दाट जंगलात दहा-पंधरा मीटरपलीकडे बघण्यासारखं उरत नाही, पण सोलापूरकराची नजर सवयीने त्याच्याही पलीकडे क्षितिज शोधत राहते. वाटाड्या बोट दाखवतो, आणि मागून हमखास प्रश्न येतो, ‘कुठाय बे?’ झाडालाच घड्याळ मानून ‘दोन वाजता, दुसऱ्या फांदीवर’ असं सांगितलं की भांडण मिटतं.

दुर्बिणीचंही तसंच. माळावर दहापट मोठं दाखवणारी बरी. जंगलात ८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची घ्यावी. बेचाळीसला आठाने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्यापाशी येणारी प्रकाशाची चकती तेवढ्या मिलिमीटरची. दहापटीच्या दुर्बिणीत तेवढ्याच भिंगातून ती चार-सव्वाचारवर येते, आणि झाडाखाली ऊन शंभरातलं एक-दोन टक्केच पोचत असताना हा फरक जाणवतो. दोन मीटरवरचं स्पष्ट दिसतं का, हे दुकानातच पाहून घ्यावं. एसी गाडीतून दुर्बीण थेट बाहेर काढली की काचेवर वाफ धरते. रात्री ती सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवावी, नाहीतर भिंगावर बुरशी येते.

रेनकोटपेक्षा छत्री बरी. रेनकोटची टोपी कान झाकते, कापड सळसळतं, आणि जंगलातली निम्मी जनावरं आधी कानालाच सापडतात. शेकरू सलग खडखडाट करायला लागलं तर वर गरुड किंवा खाली बिबट्या असू शकतो. भृंगराज पक्षी मात्र इतरांच्या आवाजाच्या नकला करतो, म्हणून आवाज ऐकून वहीत नाव लिहायची घाई करू नये. तो दिसला तर जागा सोडू नये, कारण त्याच्या आसपास पाच-सहा जातींचे पक्षी घोळक्याने किडे टिपत जातात. दहा मिनिटांत सगळं निघून जातं, मग तासभर काही नाही. उन्हाळ्यात फळलेला उंबर सापडला तर पायपीट थांबवून दोन तास त्याच्याखाली बसावं. धनेश तिथेच येतो.

खरी गंमत रात्रीची. हेडटॉर्च कपाळावर, भुवयांच्या लगत हवा. उजेड जनावराच्या डोळ्यातून आला त्याच वाटेने परततो, म्हणून टॉर्च कमरेपाशी धरला तर डोळे चमकताना दिसतच नाहीत. कपाळावर असला की पालापाचोळ्यात हिरवट-निळे ठिपके लुकलुकतात. ते बहुतेक कोळी. धुकं उतरलं की हाच टॉर्च वैरी होतो, समोर नुसती पांढरी भिंत. तेव्हा उजेड मंद करून टॉर्च कमरेपाशी आणावा आणि डोळ्यांच्या चमकेवर पाणी सोडावं. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला दिसला तर ते उडत्या बेडकाचं घरटं. पिल्लं तयार झाली की फेस ओघळतो आणि ती खालच्या डबक्यात टपकतात. हाताला डासांचं मलम असेल तर बेडकाला हात लावू नये, त्याच्या कातडीतून ते आत जातं. खरं तर एरवीही लावू नये. फांदी धरण्याआधी तिच्यावर उजेड टाकावा: मलबारी चापडा हा विषारी साप हिरवा, पिवळा, तपकिरी अशा कुठल्याही रंगात, कित्येकदा दिवसेंदिवस एकाच जागी बसून असतो. सर्पदंशावरची आपली नेहमीची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे; चापडा त्यात नाही.

जळवांसाठी पायमोजे तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवतात, सोलापुरात त्या मालाची टंचाई नाही. चिकटलेली जळू मीठ टाकून किंवा चटका देऊन काढू नये, ती पोटातलं जखमेत ओकू शकते. नख आडवं सरकवून तोंडाकडची बाजू सोडवावी. रक्त थोडा वेळ वाहतच राहतं, कारण तिच्या लाळेत ते गोठू न देणारं द्रव्य असतं. सोलापुरी चादर मात्र घरीच ठेवावी, तिथे चार दिवस वाळत नाही. परतताना बूट आंबोलीतच झटकावेत. एखादी जळू मोज्याच्या घडीत बसून जुळे सोलापूरपर्यंत आली, तर इथल्या कोरड्या फरशीवर तिचे हाल कुत्रा खात नाही.