टॉरसचं घोडं नेमकं कुठे अडलं?

भारतातल्या बातम्या पाहिल्या तर ‘जर्मनी रशियाला घाबरली’ एवढ्यावर विषय संपतो. भीती आहेच. पण इथे जर्मनीत युक्रेनला टॉरस द्यायचं की नाही यावर जी खडाजंगी झाली, ती समजायला आधी ते क्षेपणास्त्र समजून घ्यावं लागतं.

टॉरस विमानातून सोडतात. वजन सुमारे 1,400 किलो, पल्ला 500 किलोमीटरहून जास्त. त्यातलं सुमारे 480 किलोचं स्फोटकाग्र दोन टप्प्यांत काम करतं: पहिला स्फोट भोक पाडतो, दुसरा आत जाऊन होतो. आपण किती थर भेदले हे त्याचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, मोजतो. म्हणूनच क्रिमियाला रशियाशी जोडणाऱ्या केर्च पुलाचे खांब म्हटले की टॉरसचं नाव निघतं. जीपीएस जॅम केलं तरी ते जमिनीचे चढउतार ताडून, खुणा ओळखून वाट काढतं. मात्र त्यासाठी मार्गाचा आणि लक्ष्याचा डेटा उड्डाणाआधी भरावा लागतो. तो कोणी तयार करायचा, मेख इथेच आहे.

जर्मन सैनिकांना सशस्त्र मोहिमेवर धाडायला बुंडेस्टागची, म्हणजे संसदेची, संमती लागते. 2005चा कायदाच आहे तसा. शस्त्रं द्यायला मात्र सरकारची परवानगी पुरते. मग जर्मन सैनिकाने इथे बसून लक्ष्याचा डेटा भरला, तर ती मदत की युद्धातला सहभाग? तेव्हाचे चान्सेलर (सरकारप्रमुख) शोल्त्स यांनी फेब्रुवारी 2024मध्ये नकार देताना हेच कारण पुढे केलं. ब्रिटिश आणि फ्रेंच लक्ष्यनियंत्रणात जे करतात ते आम्हाला जमणार नाही, असंही बोलून गेले, आणि लंडनमध्ये नाराजी उसळली. काही दिवसांतच जर्मन हवाई दलाच्या अधिकाऱ्यांचं चोरून ऐकलेलं संभाषण रशियन माध्यमांनी वाजवलं. विषय तोच: प्रशिक्षणाला किती महिने, पुलाला किती क्षेपणास्त्रं, डेटा कसा पोचवायचा. (एक अधिकारी सिंगापूरच्या हॉटेलातून असुरक्षित लाइनवर जोडला गेला होता. यावर वेगळं काय बोलायचं!)

कायद्याचा मुद्दा खरा आहे, पण तो रबरासारखा ताणला जातो, असं माझं मत. मार्च 2022मध्ये बुंडेस्टागच्याच अभ्यास विभागाने म्हटलं होतं की नुसती शस्त्रं दिल्याने देश युद्धात उतरत नाही. ती चालवायला शिकवलं, तर मात्र ‘आपण युद्धात नाही’ या सुरक्षित क्षेत्राबाहेर पडतो. त्याच वर्षी मे महिन्यात युक्रेनी तोफची जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनला पान्त्सरहाउबित्स 2000 ही तोफ शिकायला आले. जानेवारी 2022मध्ये 5,000 हेल्मेट देऊ करणारं सरकार वर्षभराने लेओपार्ड रणगाड्यांना हो म्हणालं. अमेरिकेचंही तेच: एटॅकम्स क्षेपणास्त्र आधी 165 किलोमीटर पल्ल्याचं, मग 300चं, आणि नोव्हेंबर 2024मध्ये रशियाच्या हद्दीत मारायची मुभा.

विरोधात असताना टॉरसची बाजू घेणारे मेर्त्स मे 2025मध्ये चान्सेलर झाले. दिलेल्या शस्त्रांवर आता पल्ल्याची मर्यादा नाही, असं त्यांनी जाहीर केलं. दोनच दिवसांत झेलेन्स्की बर्लिनला आले, तेव्हा घोषणा झाली ती युक्रेनमध्येच लांब पल्ल्याची शस्त्रं बनवायला पैसे देण्याची. टॉरस त्यात नव्हतं. काय पाठवलं याची तपशीलवार यादी जाहीर करणंही त्याच महिन्यात थांबलं.

या वाटेने डेटा युक्रेनी माणूसच भरणार, म्हणजे बुंडेस्टागचा प्रश्नच येत नाही. वकिलांची अडचण मिटली, पण थर मोजणारा फ्यूज काही पैशांसोबत जात नाही.